चिंतेवरील गोळी गरजेपुरती घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम आणि त्यांच्याच जातकुळीतले एटिझोलाम ही औषधे नाशिकमधल्या असंख्य घरांत आहेत, मात्र घरात त्यांची ओळख ‘टेन्शनची गोळी’ किंवा ‘झोपेची गोळी’ एवढीच असते. कोणी ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतो, कोणी वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर आणतो, तर कोणी शेजारणीने प्रेमाने दिली म्हणून घेतो. ही औषधे वाईट नाहीत. योग्य प्रसंगी, योग्य मात्रेत ती माणसाला फार मोठा आधार देतात. परंतु सवय लागू न देता ती वापरायची असतील, तर ऐन वेळच्या निग्रहावर विसंबून चालत नाही. गोळी हाती येण्याआधीच ती कशासाठी, किती आणि किती अंतराने घ्यायची हे ठरलेले असावे लागते. पुढील उत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत. आपल्या प्रकृतीपुरता अंतिम निर्णय आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

या गोळ्या शरीरात नेमके काय करतात?

आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते आणि पेशींची उत्तेजना कमी करणे हे त्याचे काम असते. वर नावे दिलेली औषधे बेन्झोडायझेपिन नावाच्या गटातली किंवा त्याच्या जवळची आहेत. पेशींवर ज्या जागी गाबा काम करते, त्या जागांना ती जोडली जातात आणि त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात छातीतली धडधड उतरते, आखडलेले स्नायू सैल होतात आणि डोक्यात चाललेले विचारांचे थैमान मंदावते. याच कारणाने झोप येते, तोल थोडा जातो आणि गोळीच्या अमलाखाली घडलेल्या गोष्टी नीट आठवत नाहीत. चिंतेचे कारण मात्र जागच्या जागी राहते.

या गटातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आले आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. त्याआधी बार्बिट्युरेट नावाची गुंगीची जुनी औषधे वापरली जात आणि त्यांची मात्रा जरा चुकली तरी जिवावर बेतत असे. त्या तुलनेत नवी औषधे इतकी सुरक्षित वाटली की जगभर ती सढळ हाताने लिहिली गेली. सवयीचा धोका सर्वांच्या नीट ध्यानात यायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली.

‘कधीतरी’ म्हणजे नेमके किती वेळा?

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, कारण वय, यकृताची स्थिती, इतर औषधे आणि गोळीचा प्रकार यांवर बरेच अवलंबून असते. तरीही दोन गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली अशी की, ही गोळी सलग रोज घ्यावी लागलीच, तर तो काळ दोन ते चार आठवड्यांपलीकडे जाऊ नये, असे ब्रिटनसह अनेक देशांतील वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण रोजच्या वापराने तेवढ्या काळातही शरीर तिला सरावू लागते. दुसरी अशी की, महिन्यातून एक-दोनदा, मध्ये बरेच दिवस मोकळे सोडून घेतलेल्या गोळीने शरीराला सवय लागण्याचा संभव खूपच कमी असतो.

अडचण या दोन टोकांच्या मधल्या भागात आहे. आपल्याकडे चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे ‘एसओएस’ असे लिहिलेले असते, म्हणजे गरज वाटेल तेव्हा घ्यावी. पण गरज कोणती हे त्या तीन अक्षरांत लिहिलेले नसते, आणि चिंतेच्या स्वभावातच असे आहे की तिला प्रत्येक वेळ गरजेचीच वाटते. म्हणून चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांना तिथेच विचारावे : कोणत्या प्रसंगी घ्यायची, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, महिन्यात जास्तीत जास्त किती, आणि तेवढ्यात भागले नाही तर पुन्हा कधी भेटायचे. ही चार उत्तरे चिठ्ठीवरच लिहून मागण्यात कसलाही संकोच बाळगू नये. चांगल्या डॉक्टरांना असा रुग्ण आवडतो.

कोणत्या प्रसंगी ही गोळी योग्य आणि कोणत्या प्रसंगी नाही?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका कसोटीत सामावते : ज्या प्रसंगाला सुरुवात आणि शेवट आहे, त्याच्यासाठी ही गोळी कामाची, जी चिंता रोज उठून पुन्हा समोर उभी राहते, तिच्यासाठी नव्हे.

एमआरआयच्या बंद यंत्रात पंचवीस मिनिटे पडून राहायचे आहे आणि बंदिस्त जागेची भीती आहे, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, दातांच्या मोठ्या उपचारासाठी खुर्चीत बसायचे आहे, किंवा वर्षा-दोन वर्षांतून एकदा विमानात बसावे लागते आणि त्या विचाराने हातपाय गार पडतात; असे प्रसंग संपतात आणि त्यांच्याबरोबर गोळीची गरजही संपते. विमानाच्या बाबतीत इतके लक्षात ठेवावे की लांबच्या प्रवासात गोळीने गाढ झोपून तासन्‌तास पाय न हलवणे धोक्याचे असते आणि विमानात मिळणारे मद्य तिच्याबरोबर मुळीच घेऊ नये.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, निफाड किंवा दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार आहे. माल उतरायला आला आहे, बँकेचे हप्ते आहेत आणि हवामान खात्याने अवकाळी पावसाचा इशारा दिला आहे. त्या रात्री घेतलेल्या गोळीने त्याला झोप लागते, आणि ती रात्र खरोखरच कठीण असते. पण ढग दुसऱ्या दिवशीही असतात, मग निर्यातीच्या प्रतवारीची काळजी येते, मग बाजारभावाची, मग व्यापाऱ्याकडून पैसे येण्याची. हंगाम संपेपर्यंत एका रात्रीची गोळी कधी रोजची झाली हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. अशा माणसाला मदत हवीच आहे, आणि लवकर हवी आहे. परंतु महिनोन्‌महिने चालणाऱ्या चिंतेवर वेगळे उपचार आहेत, त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

परीक्षेसाठी ही गोळी टाळावी. स्पर्धा परीक्षा किंवा नीटची तयारी करणारी मुले ‘पेपरच्या आधी अर्धी घेऊ का’ असे विचारतात. ती घेतल्याने हाताचा कंप थांबेल, पण नवे लक्षात ठेवण्याची आणि चटकन विचार करण्याची शक्तीही त्याच वेळी मंदावेल.

घरात मृत्यू झाल्यावर ‘तिला एक गोळी देऊन झोपवा’ असे म्हणणारी माणसे मायेपोटीच बोलतात. एखाद्या असह्य रात्री डॉक्टरांच्या सल्ल्याने ती देण्यात गैर काही नाही. मात्र दशक्रियेपर्यंत रोज, मग महिनाभर रोज, असे होऊ देऊ नये. रडणे, आठवणी काढणे, माणसांत बसणे हे दुःखाचे काम गुंगीत होत नाही. अपघात, हल्ला यांसारख्या आघातानंतर जडणाऱ्या ताणविकारात तर या गोळ्या देऊ नयेत, असेच अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात.

ही धडधड चिंतेचीच आहे हे कशावरून?

पहिल्यांदाच असा झटका आला असेल तर तसे गृहीत धरू नये. थायरॉइडचे वाढलेले कार्य, रक्तातील साखर उतरणे, रक्तक्षय (अ‍ॅनिमिया), हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड आणि दिवसाकाठी सात-आठ कप चहा या सर्वांमुळे अगदी तशीच धडधड होते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि दम असेल तर गोळी शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मी रोज घेत नाही. तरी सवय लागू शकते का?

शरीराची सवय आणि मनाची सवय या वेगवेगळ्या वाटांनी येतात. रोज औषध मिळू लागले की मेंदू त्याच्या उपस्थितीत काम करायला शिकतो, मग तीच मात्रा पुरेनाशी होते आणि औषध थांबवले की अस्वस्थता, घाम, कंप, निद्रानाश सुरू होतो. ही शरीराची सवय होय. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे काटेकोर औषध घेणाऱ्या सज्जन माणसालाही लागते आणि तिच्यात नैतिक दोष कसलाही नाही. व्यसन त्याहून वेगळे असते : नुकसान दिसत असूनही ओढ अनावर होणे, मात्रा स्वतःच वाढवणे, लपवणे, दोन डॉक्टरांकडून एकच गोळी लिहून घेणे.

अधूनमधून घेणाऱ्याला धोका असतो तो प्रामुख्याने मनाच्या सवयीचा. भीती वाटली, गोळी घेतली, तासाभरात शांत वाटले, हा क्रम मेंदू फार चटकन शिकतो. त्यात अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीचा अंमल ओसरला की दुसऱ्या दिवशी थोडी अधिक बेचैनी जाणवू शकते. ती औषध उतरल्याची बेचैनी असते, पण माणसाला वाटते की आजार वाढला, आणि तो दुसरी गोळी घेतो. बहुतेक घसरण इथूनच सुरू होते. म्हणून गोळी घेतल्यानंतरचे एक-दोन दिवस थोडे जड गेले तरी ते तसेच जाऊ द्यावेत, हे आधीच ठरवून ठेवणे उपयोगी पडते.

गोळी घेत नाही, पण खिशात असली की बरे वाटते. यात वाईट काय?

सुरुवातीच्या काळात काहीच नाही. ज्याला भीतीचे तीव्र झटके येतात, त्याला ‘जवळ आहे’ एवढ्या जाणिवेने घराबाहेर पडण्याचे बळ मिळते, आणि अनेक डॉक्टर विचारपूर्वक तशी मुभा देतात.

परंतु हे दीर्घकाळ चालले तर त्याची किंमत मोजावी लागते. सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत किंवा मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसच्या भरलेल्या डब्यात भीती वाटली आणि काहीही न करता ती पंधरा-वीस मिनिटांत आपोआप ओसरली, तर मेंदूला कळते की ही जागा धोक्याची नव्हती. खिशात स्ट्रिप असेल तर तो असे शिकतो की स्ट्रिप होती म्हणून आपण वाचलो. मग एके दिवशी ती घरी विसरली की कसाऱ्याच्या आत भीती दुप्पट होऊन परतते. गोळी घेऊन त्या जागी गेल्यास हे शिकणे आणखी अडखळते. भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याचा उपचार चालू असताना मानसोपचारतज्ज्ञ गोळी टाळायला सांगतात ते याचसाठी.

यावर उपाय हळूहळू करावा. आधी पूर्ण स्ट्रिपऐवजी एकच गोळी सोबत न्यावी. नंतर ती खिशातून पिशवीत, पिशवीतून गाडीच्या डिकीत आणि शेवटी घरच्या कपाटात ठेवावी. प्रत्येक पायरीवर मन स्थिरावेपर्यंत थांबावे. घाईने काही साधत नाही.

कोणती गोळी कमी सवय लावते?

अशी निर्धोक गोळी या गटात नाही. फरक आहे तो अंमल किती काळ टिकतो याचा. रक्तातील औषध निम्मे होण्यास अल्प्राझोलामला साधारण ११-१२ तास लागतात, लोराझेपामला जवळपास तेवढेच, क्लोनाझेपामला ३० ते ४० तास, आणि डायझेपामचे शरीरात तयार होणारे घटक तर अनेक दिवस रेंगाळतात. जी लवकर उतरते तिची पुन्हा मागणी लवकर होते. जी रेंगाळते ती लागोपाठ घेतल्यास साचत जाते आणि दिवसाही गुंगी राहते.

मिलिग्रॅमच्या आकड्यावरून गोळी ‘हलकी’ आहे असे समजू नये. तज्ज्ञांचे अंदाज थोडे वेगवेगळे असले तरी ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम हे साधारण ५ ते १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे मानले जाते. ‘पॉइंट फाइव्हचीच तर आहे’ असे म्हणून दोन घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मी चिंतेची गोळी घेतच नाही, मग हे सर्व मला कशाला?

एकदा आपल्या औषधांच्या स्ट्रिपच्या मागची बाजू वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या देशात संयुक्त गोळ्या मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. पोटातील कळ, गॅस आणि आतड्यांच्या तक्रारींसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असते. नैराश्यासाठी दिलेल्या एस्सिटालोप्रामच्या गोळीत अनेकदा क्लोनाझेपामही असते, आणि धडधडीसाठी दिलेल्या प्रोप्रानोलॉलबरोबर एटिझोलाम. पोटाची गोळी म्हणून वर्षभर रोज घेणारी व्यक्ती ती अचानक थांबवते, तिला झोप येत नाही, हात थरथरतात, आणि घरातील कोणालाही कारण उमगत नाही.

गरजेपुरत्या वापराचा संयुक्त गोळीशी मूळातच मेळ बसत नाही. एस्सिटालोप्राम रोज आणि महिनोन्‌महिने घ्यायचे असते. क्लोनाझेपाम थोडे दिवसच. दोन्ही एका गोळीत बांधले की एक थांबवून दुसरे चालू ठेवता येत नाही. आपल्याला अशी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये. दोन्ही औषधे वेगवेगळी लिहून देता येतील का, असे डॉक्टरांना विचारावे.

पहिल्यांदा गोळी कधी घेऊन पाहावी?

ज्या दिवशी काही महत्त्वाचे नाही, घरी कोणीतरी सोबत आहे आणि गाडी चालवायची नाही, अशा दिवशी. एमआरआयच्या किंवा मुलाखतीच्या सकाळीच पहिल्यांदा घेणे टाळावे, कारण काहींना थोड्या मात्रेनेही गाढ झोप लागते आणि क्वचित कोणी शांत होण्याऐवजी चिडचिडे होते.

वाइन किंवा बिअरबरोबर चालेल का?

नाही. नाशिकमध्ये वाइनरीत जाणे हा आता कुटुंबांच्याही सहलीचा भाग झाला आहे आणि एका ग्लासाला मद्य मानायला लोक तयार नसतात. परंतु मद्य आणि ही गोळी दोन्ही मेंदूला एकाच दिशेने मंदावतात आणि एकत्र आल्यास श्वास धोकादायकरीत्या संथ होऊ शकतो. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांबाबत, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांबाबत आणि इतर अफूजन्य औषधांबाबतही हेच लागू आहे; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये त्या मिश्रणावर सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापायला लावला. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी झोप आणखी वाढते.

एक धोका लोकांना सहसा ठाऊक नसतो. नायट्यासाठी घेतले जाणारे इट्राकोनाझोल किंवा किटोकोनाझोल पोटात चालू असेल, तर अल्प्राझोलाम शरीरातून बाहेर पडण्याचा वेग खूप घटतो आणि नेहमीची मात्राही जास्त होऊन बसते. म्हणून ही औषधे अल्प्राझोलामबरोबर वर्ज्य आहेत. त्वचारोगतज्ज्ञांना चिंतेच्या गोळीविषयी सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

गोळी घेतल्यावर गाडी चालवावी का? कामावर जावे का?

त्या दिवशी गाडी चालवू नये, आणि क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम घेतले असेल तर दुसऱ्या दिवशीही डोके पूर्ण साफ वाटेपर्यंत नको. आपल्याला आपण सावध आहोत असे वाटते, पण ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ वाढलेला असतो, आणि कसारा घाटातील वळणावर तेवढा वेळ मिळत नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात प्रेस, लेथ, फर्नेस किंवा क्रेनवर काम करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. रात्रपाळी बदलताना झोप यावी म्हणून गोळी घेण्याची पद्धत काही कामगारांत आहे. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ‘कधीतरी’चे ‘नेहमी’ व्हायला वेळ लागत नाही, म्हणून त्यासाठी ही गोळी निवडूच नये.

आईचे वय ७२ आहे. तिला झोपेसाठी अधूनमधून देतो. हरकत आहे का?

हरकत आहे. पासष्टीनंतर शरीर हे औषध सावकाश बाहेर टाकते, मेंदू त्याला अधिक संवेदनशील होतो, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. गोंधळलेले बोलणे आणि विसरभोळेपणा हे गोळीमुळे असूनही अनेकदा वयाच्या खात्यात टाकले जातात. ज्येष्ठांसाठी टाळण्याच्या औषधांच्या वैद्यकीय याद्यांत हा संपूर्ण गट आहे. झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडणाऱ्या किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीने विशेष काळजी घ्यावी.

गर्भारपणात किंवा बाळाला दूध पाजत असताना?

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनाही विचारल्याशिवाय घेऊ नये. आधीपासून रोज चालू असेल तर दिवस राहिल्याचे कळताच घाबरून एकदम थांबवूही नये.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळाली, तर घ्यावी का?

घेऊ नये. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे औषध नियमांतील अनुसूची एच-१ या कडक यादीत येतात. ही अनुसूची २०१३ मध्ये अधिसूचित झाली आणि मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यानुसार दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची स्वतंत्र वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते. या गटातील बरीच औषधे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतही आहेत. त्यामुळे चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर रागावू नये. तो आपले रक्षणच करत असतो. बहिणीची किंवा शेजाऱ्यांची गोळी घेणे आणि आपली त्यांना देणे, दोन्ही टाळावे.

माझी सूचना अशी आहे की पूर्ण स्ट्रिपऐवजी पाच-सहाच गोळ्या लिहून मागाव्यात. घरात तीस गोळ्या असणे आणि पाच असणे यात अवघड रात्री फार अंतर पडते. घरात कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर गोळ्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे कुलपात असाव्यात.

सवय लागत चालली आहे हे कसे ओळखावे?

त्यासाठी नोंद हवी, कारण स्मरणशक्ती या बाबतीत आपल्या बाजूने खोटे बोलते. दिनदर्शिकेत तारखेच्या चौकोनात ‘गो’ एवढे अक्षर, मात्रा आणि कारण लिहावे. दोन-तीन महिन्यांची पाने उलटून पाहिली की पुष्कळ कळते. कारणाच्या जागी ‘एमआरआय’, ‘विमान’ असे शब्द असतील तर ठीक आहे. तिथे ‘झोपेसाठी’, ‘उगीच’, ‘रविवार संध्याकाळ’ दिसू लागले, किंवा अर्धीच्या जागी एक आली, तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ झाली आहे. गोळ्या संपत आल्या की मनात धास्ती वाटणे आणि घरच्यांपासून घेतल्याचे लपवणे या खुणा नोंदीत येत नाहीत, पण त्या अधिक गंभीर असतात.

मी दोन वर्षे रोज रात्री घेत आहे. उद्यापासून बंद करू का?

कृपया असे करू नका. दीर्घकाळ रोज घेतलेली गोळी एकदम तोडल्यास तीव्र बेचैनी, भ्रम आणि अपस्मारासारखे झटके येऊ शकतात, आणि ते प्राणघातकही ठरू शकतात. गोळी हळूहळू कमी करावी लागते. अमेरिकेतील व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करून सुरुवात करावी असे म्हटले आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून मोठी कपात सामान्यतः नको असेही. कधी डॉक्टर आधी दीर्घ अंमलाच्या औषधावर आणतात आणि मग ते उतरवतात. या कामाला काही महिने लागतात, काहींना वर्षही लागते. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथे थांबता येते. थांबणे म्हणजे अपयश नव्हे.

कमी करताना झोप बिघडते आणि जुनी चिंता उफाळल्यासारखी वाटते. त्यातला बराच भाग शरीर पुन्हा स्वतःच्या बळावर चालायला शिकत असल्याचा असतो आणि तो ओसरतो. घरच्यांनी या काळात ‘एक घेऊन टाक ना’ आणि ‘मनाची ताकद दाखव’ ही दोन्ही वाक्ये टाळावीत. जेवण वेळेवर होईल आणि रात्री दहानंतर घरात वाद होणार नाहीत, एवढे त्यांनी पाहिले तरी पुष्कळ होते.

मग रोजच्या चिंतेवर उपाय काय?

ज्यांची चिंता सहा-सहा महिने हटत नाही किंवा ज्यांना वारंवार भीतीचे झटके येतात, त्यांच्यासाठी बोधवर्तन उपचारपद्धती हा उत्तम अभ्यासलेला मार्ग आहे. त्यात विचार तपासणे आणि टाळलेल्या गोष्टींना क्रमाने सामोरे जाणे शिकवले जाते, आणि त्याचा परिणाम उपचार संपल्यावरही टिकतो. सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्रामसारखी औषधे रोज घ्यायची असतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि तीही सावकाशच थांबवावी लागतात, पण त्यांची ओढ लागत नाही. व्यासपीठावर बोलताना किंवा गाताना हात थरथरत असतील तर काहींना प्रोप्रानोलॉल पुरते. मात्र दमा असणाऱ्यांना ते चालत नाही.

रोजच्या सवयींपैकी चहा-कॉफी दुपारनंतर बंद करणे, ठरल्या वेळी उठणे आणि गंगापूर रोडला किंवा गोदाकाठी अर्धा तास झपाझप चालणे यांचा परिणाम लोक समजतात त्याहून मोठा असतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला, तर काही मिनिटांत धडधड थोडी उतरते. इगतपुरी जवळ असल्याने अनेक जण विपश्यनेचा विचार करतात. तिथल्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांची माहिती विचारतात. ती खरी द्यावी, आणि शिबिरासाठी म्हणून रोजची गोळी अचानक थांबवू नये.

नाशिकमध्ये कोणाकडे जावे?

सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते. त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि तिथे खासगीच्या मानाने खर्च अगदी कमी येतो. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, माणूस हाका मारूनही उठत नसेल किंवा झटका आला असेल, तर फोनवर सल्ला घेत न बसता १०८ लावावा.

पहिल्या भेटीला जाताना जुन्या चिठ्ठ्या, सध्याच्या सर्व औषधांच्या स्ट्रिप आणि गोळी घेतल्याच्या तारखा सोबत न्याव्यात. पोटाच्या, झोपेच्या आणि त्वचेच्या गोळ्याही त्यात असाव्यात, आणि मद्य घेत असल्यास किती व कधी तेही स्पष्ट सांगावे, कारण डॉक्टर पुढची मात्रा त्यावरूनच ठरवतात.